पलटणींतले पंडितजी

"शास्त्री झाला, त्रिकाळ नसली तरी दोन वेळां संध्या करतो, आणि भर मैदानांत शिपायांबरोबर दोरखंड ओढतो! मग त्याला पंडितजी म्हणावें कीं पहिलवान?" आमचे वडील बंधू अण्णा यांनीं गेल्या माघांत जेवतांना हा प्रश्न टाकला, तेव्हां पंक्तीला आम्ही नऊ माणसें होतों आणि नवांचीं मतें नऊ होतीं. धाकट्या सूनबाईंना त्यांत कांहींच वावगें दिसलें नाहीं. पुतण्याला तर तो दोरखंड ओढण्याचा प्रकार पुन्हां केव्हां होणार आहे एवढेंच जाणून घ्यावयाचें होतें. मी त्या वेळीं फारसें बोललों नाहीं. वडील भावाशीं पानावर बसून वाद घालण्याची आमच्या घरीं रीत नाहीं. परंतु तो प्रकार प्रत्यक्ष पाहून आलेला घरांत मी एकटाच होतों, आणि अण्णांचा प्रश्न अनेक सुशिक्षित घरांत निघण्यासारखा आहे. म्हणून जें पानावर बोललों नाहीं तें येथें लिहितों.

ज्याच्यावरून हा वाद निघाला तो माझा जुना विद्यार्थी. त्याचें नांव सांगत नाहीं. फौजेंतल्या माणसाला आपलें नांव मासिकांत छापून आलेलें रुचत नाहीं. शाळेंत असतांना ‘राम’ शब्द चालवावयाला उभा केला कीं त्याचें एक लक्ष प्रथमा-द्वितीयेकडे आणि एक लक्ष खिडकीबाहेरच्या खोखोकडे असे. विभक्ति मात्र चुकत नसे. पुढें तो संस्कृतांत शास्त्री झाला, कर्मकांडाची पदविका त्यानें घेतली, आणि एके दिवशीं पेढे घेऊन आला तो लष्करांत धर्मशिक्षक म्हणून निवड झाल्याची वार्ता घेऊनच.

लष्करांत शिपाई असतात, सुभेदार असतात, हें सर्वांस ठाऊक असतें. तेथें धर्मशिक्षकही असतो हें पुष्कळांच्या गांवीं नसतें. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्षु अशा निरनिराळ्या धर्मशिक्षकांची भरती आपलें सैन्य रीतसर जाहिरात देऊन करतें. पंडिताच्या जागेला जात लागत नाहीं. पदवी लागते, संस्कृतांतील शास्त्री किंवा आचार्य ही परीक्षा लागते, आणि शास्त्र्याला कर्मकांडाची पदविकाही लागते. शिवाय धावावें लागतें! १६०० मीटर अंतर ८ मिनिटांत तोडल्यावांचून कोणाही पंडिताला फौजेच्या देवळांत घंटा वाजवितां येत नाहीं. हें ऐकून अण्णा पूर्वीं एकदां मनमुराद हंसले होते. मला मात्र ती अट फार शहाणपणाची वाटते. जो पलटणीबरोबर डोंगर चढूं शकत नाहीं, तो डोंगरावरच्या माणसाला काय सांगणार?

निवड झाल्यावर पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेंत या सर्वांचें शिक्षण होतें. पंडित, मौलवी, ग्रंथी आणि पाद्री तेथें एकत्र शिकतात, आणि मग नायब सुभेदाराच्या हुद्द्यानें आपापल्या पलटणींत जातात. हा हुद्दा लक्षांत घेण्यासारखा आहे. इंग्रजांच्या सैन्यांतला चॅपलेन हा कमिशन घेतलेला अधिकारी असतो. आपला पंडित जवान आणि अधिकारी यांच्या मधल्या पायरीवर बसविला आहे. वरच्यांना तो हांक मारूं शकतो आणि खालच्यांना त्याच्याजवळ बसतां येतें. हें कोणीं योजून केलें कीं आपोआप झालें तें असो, पण जागा नेमकी सांपडली आहे.

त्याचीं कामें कोणतीं, तेंही जाहिरातींतच लिहिलेलें असतें. देवळांत पूजा-पाठ आणि प्रवचन करणें हें ओघानें आलेंच. त्याखेरीज अंत्यविधीस हजर राहणें, रुग्णालयांतील आजाऱ्यांची विचारपूस करणें, बरे होऊं लागलेल्यांबरोबर प्रार्थना म्हणणें, शिक्षा भोगीत असलेल्या जवानांना जाऊन भेटणें, मुलांना धर्माचे धडे देणें, आणि जवानांच्या व त्यांच्या कुटुंबांच्या सुखदुःखाकडे लक्ष ठेवणें. आपल्या गांवचे उपाध्ये यांतलें अंत्यविधीचें काम करतात, पूजाही सांगतात. पण तुरुंगांतल्या यजमानाला जाऊन भेटलेला उपाध्या माझ्या तरी पाहण्यांत नाहीं.

आतां नगरविषयीं दोन शब्द. या शहराचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. आम्हां जुन्या मंडळींच्या तोंडीं अजून ‘नगर’च येतें. १८०३ च्या ऑगस्टांत वेलस्लीनें येथला भुईकोट किल्ला घेतला, आणि येथला लष्कराचा वास तसा जुनाच आहे. १९४२ सालीं नेहरू आणि त्यांचे सहकारी याच किल्ल्यांत बंदिवासांत होते, हें आमच्या शाळेंतलें प्रत्येक मूल सांगे. स्वातंत्र्यानंतर १९४८ सालीं चिलखती दलाचें केंद्र आणि शिक्षणशाळा येथें आली. १९७९ सालीं यांत्रिक पायदळाची रेजिमेंट उभी राहिली, तिचेंही केंद्र येथेंच. १९९४ सालीं उघडलेलें रणगाड्यांचें संग्रहालय पाहावयाला मीं शाळेच्या किती सहली नेल्या याची गणती नाहीं. खारे कर्जुन्याच्या माळावर तोफांचा सराव चालला म्हणजे आसपासच्या खेड्यांतून त्याचा गडगडाट ऐकूं येतो, आणि नवखा पाहुणा पावसाळा नसतां आभाळाकडे पाहूं लागतो. असें हें गांव. तरी आमच्या आणि लष्कराच्या मध्यें एक कुंपण आहे, आणि त्या कुंपणाच्या आंत दिवसभर राहण्याचा योग मला या विद्यार्थ्यामुळें आला.

रविवार होता. त्या दिवशीं कवाईत नव्हती; खेळ, गाणीं आणि संध्याकाळीं बडाखाना असा बेत होता. पंडितजींनीं रीतसर परवानगी काढून मला बोलाविलें होतें. सकाळीं मंदिरांतली परेड झाली. होय, फौजेंत देवदर्शनालाही परेडच म्हणतात, आणि जोडे बाहेर एका ओळींत असे लागतात कीं आमच्या एखाद्या मोठ्या देवस्थानानें येऊन पाहावे. माझा विद्यार्थी धोतर-उपरणें लेवून बसला होता. दहा मिनिटें बोलला. तीं दहाही मिनिटें मुलें ताठ बसून ऐकत होतीं. ऐकत होतीं कीं नुसतीं ताठ होतीं, हें मला सांगवत नाहीं. चाळीस वर्षें वर्गावर उभा राहिलेल्या माणसाला हा फरक पाठीमागून ओळखतां येत नाहीं, तोंडें पाहावीं लागतात, आणि मी मागें बसलों होतों.

दोन तासांनीं तोच मनुष्य सदरा-विजार घालून मैदानावर आला, आणि तोंडें मला समोरून दिसलीं.

मुलें म्हणजे अक्षरशः मुलेंच. अठरा-एकोणीस-वीस वर्षांचीं. २०२२ सालीं सुरू झालेल्या अग्निपथ योजनेंतलीं, चार वर्षांच्या बोलीनें आलेलीं. चार वर्षांनीं यांतलीं शेंकडा पंचवीसपर्यंत कायम राहणार, बाकीचीं आपापल्या गांवीं परतणार. कोणाची भाषा तेलुगु, कोणाची बंगाली, कोणाची डोंगराळ मुलुखांतली, जिचें नांवही मला धड घेतां आलें नाहीं. कित्येकांनीं घर सोडून बाहेर काढलेली ही पहिलीच थंडी. आणि नगरची थंडी कोरडी असते. ओठ फुटतात आणि आई आठवते.

रस्सीखेचीचा डाव मांडला गेला. दोन्ही बाजूंना आठ-आठ गडी. एका बाजूचा शेवटचा गडी, ज्याच्या पाठीवरून दोरखंडाचें टोंक घेतलेलें असतें आणि जो खांबासारखा रोवून उभा राहतो, तो म्हणजे आमचे पंडितजी. दुसऱ्या बाजूचा शेवटचा गडी कोण असावा? ग्रंथीजी! चांगले सहा फूट उंच आणि त्या मानानें रुंद. मौलवीसाहेब मध्यें शिट्टी घेऊन उभे. तिन्ही धर्मगुरूंची अशी वांटणी झालेली पाहून पोरांमध्यें जो हंशा उसळला तो अजून माझ्या कानांत आहे. मौलवीसाहेब गंभीर चेहऱ्यानें म्हणाले, "आज मी कोणाचाच पक्ष घेणार नाहीं, उद्यां मला दोघांबरोबरही चहा प्यावयाचा आहे."

शिट्टी झाली. पहिला डाव ग्रंथीजींच्या बाजूनें गेला. आमचे पंडितजी आडवे होऊन हातभर फरफटत गेले, विजार गुडघ्यावर फाटली, पण दोर सोडला नाहीं. दुसरा डाव यांनीं घेतला. तिसऱ्या डावांत ग्रंथीजींचा पाय घसरला आणि ते सातही गड्यांसकट असे मागचे पुढें आले कीं धुळीचा एक लोटच उठला. मग काय विचारतां! पंडितजींना पोरांनीं खांद्यावर घेतलें. बाजूला उभे असलेले कर्नलसाहेबही टाळ्या वाजवीत होते. ग्रंथीजींनीं उठून आधीं पगडी सांवरली, मग पंडितजींना मिठी मारली.

हें सर्व मीं घरीं वर्णन केलें, त्याचाच परिणाम म्हणजे अण्णांचा तो प्रश्न. पण मीं घरीं जें सांगितलें नाहीं तें निराळें आहे, आणि माझ्या मतें खरी गोष्ट तीच.

डाव संपल्यावर आम्ही दोघे लिंबाच्या झाडाखालीं बांकावर बसलों. त्याचे तळहात सोलले होते. एक पोरगा पाण्याचा पेला देऊन गेला. जातांना त्यानें पंडितजींच्या पायाला हात लावला नाहीं, नुसताच त्यांच्याकडे पाहून हंसला. तो दूर गेल्यावर विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, याची आई दिवाळीच्या आधीं गेली."

मग त्यानें सांगितलें तें असें. शिकाऊ मुलांजवळ दिवसभर भ्रमणध्वनि नसतो, म्हणून घरची अशी बातमी आधीं वरिष्ठांकडे येते, आणि वरिष्ठ धर्मगुरूंना बोलावतात. बातमी द्यावयाचें काम धर्मगुरूंचें. त्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं याला बोलावणें आलें. मुलगा मैदानावर होता. याला शंभर पावलें चालून जावयाचें होतें. "त्या शंभर पावलांत," तो म्हणाला, "गीतेंतला एकही श्लोक मला आठवला नाहीं. येवढेंच आठवलें कीं आदल्या आठवड्यांत व्हॉलीबॉल खेळतांना यानें मारलेला चेंडू माझ्या नाकावर बसला होता, आणि तो तीन दिवस माझी क्षमा मागत होता." मुलानें त्याला येतांना पाहिलें आणि पुन्हां क्षमा मागावयाला तोंड उघडलें. मग याच्या चेहऱ्याकडे पाहिलें आणि तो काय तें समजला.

त्या रात्रीं मुलाला गाडींत बसवून देईपर्यंत पंडितजी त्याच्याजवळ होते. मुलगा बोलला नाहीं, जेवला नाहीं. परंतु यांचा हात त्यानें सोडला नाहीं. तेरा दिवसांचें सर्व उरकून तो परत आला तेव्हां पहिल्यांदा बराकींत न जातां मंदिराच्या पायरीवर येऊन बसला.

"गुरुजी, मी त्याला ओळखत नसतों तर?" विद्यार्थ्यानें विचारलें. "रविवारच्या परेडींत त्याला मी दिसतों तो आसनावर बसलेला, दहा मिनिटें. तेवढ्या ओळखीवर कोणी कोणाचा हात धरील काय?"

अण्णांना हवें असलेलें उत्तर मला वाटतें या प्रश्नांतच आहे. दुःखांत मनुष्य पोथीकडे जात नाहीं, ओळखीच्या तोंडाकडे जातो. पोथी त्या तोंडाच्या मागून येते. आणि तोंडाची ओळख परेडींत होत नाहीं, ती मोकळ्या मैदानांत होते. शाळेंतही मला हाच अनुभव आहे. ज्या वर्षीं मीं मुलांबरोबर चांदबीबीच्या महालावर चढून जाऊन दडपे पोहे खाल्ले, त्या वर्षींच्या वर्गाला संधि-समास शिकवावयाला निम्मे कष्ट पडले. (तो महाल म्हणजे वस्तुतः सलाबतखानाची कबर आहे, हें मीं प्रत्येक सहलींत सांगितलें आणि प्रत्येक वर्गानें तो चांदबीबीचाच ठेवला. असो.)

शास्त्राला हें विसंगत आहे असें म्हणणाऱ्यांनीं द्रोणपर्व पुन्हां उघडावें. जयद्रथवधाच्या दिवशीं अर्जुनाचे घोडे बाणांनीं जर्जर झाले, तहानेनें थकले. रणांगणाच्या मध्यभागींच अर्जुन रथाखालीं उतरला, बाणांनीं त्यानें आडोसा केला, भूमि भेदून पाणी काढलें. आणि घोड्यांची सेवा कोणीं केली? ज्यानें तेरा दिवसांपूर्वीं गीता सांगितली त्यानें. घोड्यांना जोतीं सोडून मोकळें करणें, अंगांत रुतलेले शर हातांनीं उपटणें, चोळणें, पाणी पाजणें, चारा घालणें, आणि मग पुन्हां रथाला जोडणें. व्यासांनीं हें सर्व वर्णन सावकाश केलें आहे. जगद्गुरु मोतद्दाराचें काम करतो, तें त्यांना झाकून ठेवावेंसें वाटलें नाहीं. पांडवांचा पुरोहित धौम्य घ्या. राज्याभिषेकाचीं दक्षिणा घेऊन तो घरीं बसला नाहीं. वनवासांत त्यांच्याबरोबर बारा वर्षें हिंडला.

परदेशांतही ज्यांचीं नांवें राहिलीं ते असेच. १८७९ च्या डिसेंबरांत काबूलजवळच्या लढाईंत घोडेस्वार घोड्यांसकट ओढ्यांत पडले आणि घोड्यांखालीं अडकले. अफगाण अगदीं जवळ आलेले. जेम्स ॲडम्स नांवाचे हिंदुस्थानांतल्या इंग्रजी फौजेचे पाद्री कमरेइतक्या पाण्यांत उतरले आणि त्यांनीं त्या स्वारांना ओढून बाहेर काढलें. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या पदकाचे ते पहिले धर्मोपदेशक. हातांत ओढण्याचा जोर होता म्हणून माणसें वांचलीं, हें आमच्या अण्णांनीं ध्यानांत घ्यावें! दुसरे फिलिप क्लेटन. पहिल्या महायुद्धांत बेल्जममधील पोपेरिंगे या गांवीं, आघाडीपासून थोड्या अंतरावर, १९१५ च्या डिसेंबरांत यांनीं टॅल्बट हाऊस नांवाचें घर शिपायांसाठीं उघडलें. अंगानें गोल असल्यामुळें शिपाई त्यांना ‘टबी’ म्हणत. त्या घरीं चहा होता, पियानो होता, बाग होती, आणि प्रार्थनेची जागा सर्वांत वर माळ्यावर, उभ्या जिन्यानें चढून जावयाची. दारांतून आंत येतांना हुद्दा बाहेर ठेवावा असा तेथें नियम. वाचनालयांतलें पुस्तक न्यावयाचें असेल तर अनामत म्हणून डोक्यावरची टोपी ठेवावी लागे. शिपायाला टोपीवांचून बाहेर फिरतां येत नाहीं, तेव्हां पुस्तकें परत येत. आमच्या शाळेच्या ग्रंथालयाला ही युक्ति ठाऊक असती तर किती बरें झालें असतें! खालीं चहा आणि वर प्रार्थना, ही रचनाच मला मोठी अर्थपूर्ण वाटते. चहाला आलेल्यांपैकीं कित्येक जिना चढत आणि दुसऱ्या दिवशीं आघाडीवर जात. सर्वच परत येत नसत.

येथें एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. धर्मगुरूनें मुलांत मिसळावें म्हणजे त्यानें विदूषक व्हावें असा माझा पक्ष नाहीं. हल्लीं सलगीलाच थोरवी समजण्याची रीत पडली आहे, ती मला मान्य नाहीं. त्या दिवशीं संध्याकाळीं गाण्यांचा कार्यक्रम रंगला तेव्हां कोणी पंडितजींना नाचावयाला ओढूं लागले. त्यांनीं हंसून हात सोडवून घेतला आणि स्वतः ढोलकी घेऊन बसले. मुलें नाचलीं, हे वाजवीत राहिले. दोर ओढतांना जो सर्वांच्या मागें होता तो आतां सर्वांच्या बाजूला होता. आपली जागा कोणती आणि ती केव्हां बदलावी, हें त्याला कोणीं शिकविलें मला ठाऊक नाहीं. निदान मीं शिकविलें नव्हतें.

बडाखान्याविषयीं आमच्या वाचकांना कुतूहल असेल. अधिकारी, सुभेदार आणि जवान या दिवशीं एकत्र जेवतात, आणि अधिकारी स्वतः आग्रह करकरून वाढतात. सामिष आणि निरामिष पदार्थ निरनिराळे मांडलेले होते. माझा विद्यार्थी निरामिष घेऊन मुलांच्या ओळींतच बसला. उजवीकडच्या मुलाच्या ताटांत मांस होतें. "तुला चालतें?" मीं मागाहून विचारलें. तो म्हणाला, "माझ्या पानांत काय असावें तें मी ठरवितों, गुरुजी. शेजाऱ्याचें पान मी पाहत नाहीं, शेजाऱ्याला पाहतों." सोवळ्याची याहून चोख व्याख्या मला धर्मशास्त्रावरच्या निबंधांत आढळलेली नाहीं. अण्णांना ती पटेलसें वाटत नाहीं, आणि तसा आग्रहही नाहीं. त्यांचें सोवळें त्यांनीं सत्तर वर्षें कोणाला न दुखवितां पाळलें आहे.

त्या चार वर्षांच्या बोलीचें मीं वर म्हटलें. विद्यार्थ्याला खरी काळजी तिची आहे. पूर्वीं एकाच पलटणींत पंधरा-सतरा वर्षें राहणारा जवान धर्मगुरूला लग्नाला बोलावी, बारशाला बोलावी. ओळख व्हावयाला अवकाश होता. आतां केंद्रांत मुलगा थोडे महिने राहतो आणि पलटणीकडे निघून जातो. "मला रविवार मोजून मिळतात," तो म्हणाला. "ते सर्व आसनावर बसून घालविले तर कसें होणार?"

मी दिवेलागणीनंतर निघालों. पुढचें त्यानें दोन दिवसांनीं दूरध्वनीवर सांगितलें. दुसऱ्या दिवशीं तो नेमाप्रमाणें पिशवींत पोथी घालून लष्करी रुग्णालयांत गेला. तेथें पाय मोडून पडलेला एक पोरगा होता, आणि खेळांच्या दिवशींच आपण अंथरुणावर, म्हणून रुसलेला होता. पंडितजींनीं विचारपूस केली, त्यानें भिंतीकडे तोंड केलें. तेव्हां यांनीं कांहीं न बोलतां आपले सोललेले तळहात त्याच्यापुढें धरले. त्यानें पाहिले. मग उशीवर कोपर टेकून तो अर्धवट उठला आणि ग्रंथीजी नेमके कसे पडले तें विचारूं लागला. तें तीन वेळां सांगावें लागलें. तिसऱ्या वेळीं शेजारच्या तीन खाटांवरचे रोगीही ऐकत होते. पोथी त्यानंतर उघडली.